सिस्टिक फायब्रोसिसमधला डायबिटीस: ‘गोड बंद, जेवण कमी’ हा सल्ला इथे उलटा का पडतो?

घरात कुणाला डायबिटीस निघाला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. चहातली साखर जाते, भात अर्ध्यावर येतो, तूप-तेलावर नजर राहते. ‘जरा वजन उतरव’ हे येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो. टाइप २ डायबिटीस असलेल्या बहुतेकांसाठी हा सल्ला बऱ्याच अंशी बरोबरही आहे.

पण हाच सल्ला सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या हडकुळ्या तरुण माणसाला दिला आणि त्यानं तो मनावर घेतला, तर ते त्याच्या फुप्फुसांवर बेतू शकतं.

अशा माणसाला डॉक्टर बहुतेक वेळा अगदी वेगळं सांगतात. पोटभर जेव, तूप-लोणी सोडू नकोस, वजन घटू देऊ नकोस. रक्तातली साखर आवरायची ती इन्सुलिननं, ताटातलं अन्न कमी करून नव्हे.

असं का? हा नेमका कोणता डायबिटीस? आणि नेहमीच्या रक्ततपासणीत तो अनेकदा सापडत का नाही? समजून घेऊया.

आधी, सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे काय?

हा जन्मजात, आनुवंशिक आजार आहे. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर सीएफटीआर नावाचं एक प्रथिन असतं. मिठातला क्लोराइड हा घटक पेशीतून आत-बाहेर जाण्याचं ते एक प्रकारचं दार आहे. मीठ जिकडे जातं तिकडे पाणी जातं. त्यामुळे हे दार नीट चाललं तर शरीरातले स्राव पातळ राहतात.

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये हे प्रथिन तयार करणारं जनुक बिघडलेलं असतं. दार नीट उघडत नाही आणि स्राव चिकट, घट्ट होतात. फुप्फुसांत असा घट्ट कफ साचला की जंतूंना आयतं घर मिळतं. पोटात पाचकरस वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात. घाम मात्र नेहमीपेक्षा खारट होतो. म्हणूनच या आजाराच्या निदानासाठी आजही घामातल्या क्लोराइडची चाचणी करतात.

आई आणि वडील या दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच मुलाला हा आजार होतो. दोघेही नुसते वाहक असतील तर त्यांना स्वतःला आजार नसतो. पण त्यांच्या प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

हे जनुक १९८९ साली सापडलं. आजाराची ओळख मात्र त्याच्या बरीच आधीची आहे. १९३८ साली न्यूयॉर्कमधल्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनावरून त्याचं सविस्तर वर्णन केलं. त्यांनी नाव दिलं ‘सिस्टिक फायब्रोसिस ऑफ द पॅनक्रियाज’, म्हणजे स्वादुपिंडात गाठी होऊन ते तंतुमय, कडक होत जाण्याचा आजार. आज आपण हा फुप्फुसांचा आजार म्हणून ओळखतो, पण त्याला नाव मिळालं ते स्वादुपिंडावरून. आणि इन्सुलिन तयार होतं तेही याच स्वादुपिंडात.

मग डायबिटीस होतो कसा?

स्वादुपिंडाची कामं दोन. एक, अन्न पचवणारे रस तयार करून आतड्यात सोडणं. दोन, इन्सुलिनसारखी हार्मोन थेट रक्तात सोडणं.

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये पहिलं काम लवकर बिघडतं. नळ्या तुंबल्यामुळे पाचकरस आतच अडकतात आणि स्वादुपिंडाचंच नुकसान करतात. तिथे हळूहळू चरबी आणि तंतू साचतात. म्हणून यातल्या बहुतेक रुग्णांना लहानपणापासून प्रत्येक जेवणाबरोबर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात.

इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके याच अवयवात विखुरलेले असतात. आजूबाजूचा भाग वर्षानुवर्षं नष्ट होत गेला की हे पुंजकेही कमी होत जातात. इन्सुलिन अगदी संपत नाही, पण कमी पडतं. शिवाय ते उशिरा येतं. आपण जेवलो की काही मिनिटांत इन्सुलिनची पहिली लाट यायला हवी. तीच मंदावते. म्हणून सुरुवातीला साखर वाढते ती जेवणानंतर. सकाळी उपाशीपोटी ती बहुधा नॉर्मल असते.

त्यात छातीचा जंतुसंसर्ग झाला किंवा स्टेरॉइड घ्यावं लागलं, तर आहे ते इन्सुलिनही पुरेसं काम करत नाही. साखर एकदम वर जाते आणि बरं वाटायला लागलं की पुन्हा खाली येते.

हा टाइप १ की टाइप २?

दोन्हीही नाही. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिनच्या पेशींवर हल्ला करते. टाइप २ मध्ये प्रामुख्यानं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, आणि वाढलेलं वजन त्यात भर घालतं. इथे यातलं काहीच मूळ कारण नसतं. गोड जास्त खाल्ल्यानं, आळशीपणानं किंवा लठ्ठपणानं हा डायबिटीस होत नाही.

म्हणून त्याला वेगळं नाव आहे: सिस्टिक फायब्रोसिस-रिलेटेड डायबिटीस, थोडक्यात सीएफआरडी.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या केंद्रानं आपल्या रुग्णांच्या नोंदी २००९ साली प्रसिद्ध केल्या. त्यानुसार सीएफआरडीचं प्रमाण लहान मुलांत सुमारे २ टक्के, किशोरवयात १९ टक्के आणि प्रौढांमध्ये ४० ते ५० टक्के होतं. म्हणजे वय वाढतं तसा धोका वाढतो, आणि मोठ्या वयात जवळपास दर दुसऱ्या रुग्णाला हा डायबिटीस गाठतो.

हा प्रश्न आता इतका मोठा होण्याचं कारण तसं आनंदाचं आहे. १९५० च्या दशकात सिस्टिक फायब्रोसिस असलेली बहुतेक मुलं शाळेत जाण्याच्या वयापर्यंतही जगत नसत. आज अमेरिकेत या आजाराचे सुमारे ४० हजार रुग्ण आहेत आणि त्यातले निम्म्याहून अधिक प्रौढ आहेत. ते कॉलेजात जातात, नोकरी करतात, लग्न करतात, आई-बाप होतात. आयुष्य वाढलं आणि त्याच्याबरोबर हा दुसरा आजारही वाट्याला आला.

साखर वाढली तर फुप्फुसांचं काय बिघडतं?

इन्सुलिन म्हणजे साखर कमी करणारं औषध, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण शरीराच्या दृष्टीनं इन्सुलिन हा बांधकाम करणारा हार्मोन आहे. खाल्लेल्या अन्नातून स्नायू बांधायचे, चरबी साठवायची, प्रथिनं मोडू द्यायची नाहीत, हे सगळं त्याच्या जोरावर चालतं.

इन्सुलिन कमी पडलं की माणूस कितीही जेवला तरी अंगी लागत नाही. वजन घटतं, स्नायू झिजतात. श्वास घ्यायला आणि जोर लावून खोकून कफ बाहेर टाकायला स्नायूच लागतात. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये वजन आणि फुप्फुसांची ताकद यांचं नातं फार जवळचं आहे. एक ढासळलं की दुसरं सावरणं अवघड होतं.

दुसरा मार्ग थेट आहे. निरोगी माणसाच्या श्वासमार्गातल्या स्रावात साखर जवळजवळ नसते. रक्तातली साखर साधारण १४४ मिलिग्रॅमच्या वर गेली की ती या स्रावातही उतरू लागते, असं २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. आधीच कफ साचलेल्या फुप्फुसात जंतूंना असं खाद्य मिळालं तर काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच सीएफआरडीचं निदान होण्याच्या काही वर्षं आधीपासूनच अनेक रुग्णांचं वजन आणि श्वासाची क्षमता घसरू लागलेली असते. तहान लागणं, वारंवार लघवीला जावं लागणं ही डायबिटीसची ओळखीची लक्षणं दिसायची वाट पाहिली, तर तोपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

लवकर निदानानं खरंच फरक पडतो का?

पडतो. त्याची नोंद मिनेसोटातच सापडते.

१९८८ साली तिथल्या डॉक्टरांनी एक आकडा मांडला. सिस्टिक फायब्रोसिसच्या ज्या रुग्णांना डायबिटीस नव्हता, त्यातले सुमारे ६० टक्के वयाच्या तिशीपर्यंत पोहोचत होते. डायबिटीस असलेल्यांमध्ये हे प्रमाण २५ टक्क्यांहूनही कमी होतं. त्यातही स्त्रियांची अवस्था अधिक वाईट असल्याचं पुढे दिसून आलं.

त्यानंतर या केंद्रात दोन गोष्टींवर भर दिला गेला. लक्षणांची वाट न पाहता दरवर्षी साखरेची चाचणी करायची, आणि बिघाड दिसला की लवकर इन्सुलिन सुरू करायचं. २००९ साली त्यांनी पुन्हा हिशेब मांडला. १९९२ ते १९९७ या काळाच्या तुलनेत २००३ ते २००८ मध्ये सीएफआरडी असलेल्या स्त्रियांमधलं मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून अधिक घटलं होतं. पुरुषांमध्येही ते खाली आलं होतं. या काळात फुप्फुसांचे उपचारही सुधारले, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या इन्सुलिनला देता येणार नाही. पण डायबिटीस असणारे आणि नसणारे यांच्यातली दरी बरीच कमी झाली, हे खरं.

एचबीएवनसी नॉर्मल आलं, मग झालं की!

इथेच सगळ्यात जास्त गफलत होते.

एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी. टाइप २ साठी ती उत्तम आहे. सीएफआरडी शोधण्यासाठी मात्र तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. साखर फक्त जेवणानंतर दोन-तीन तास वर जात असेल आणि बाकी वेळ ठीक असेल, तर सरासरीत ती चढण दिसतच नाही. शिवाय दीर्घकाळ चाललेल्या संसर्गामुळे लाल रक्तपेशींच्या आयुष्यात फरक पडत असेल, तर आकडा आणखी फसवा येतो. एचबीएवनसी वाढलेलं आलं तर ते गांभीर्यानं घ्यायचं. पण नॉर्मल आलं म्हणून डायबिटीस नाही, असं म्हणता येत नाही.

उपाशीपोटीच्या साखरेचंही तसंच. सुरुवातीला तीही नॉर्मलच असू शकते.

म्हणून २०१० साली अमेरिकन डायबिटीस असोसिएशन आणि तिथल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशननं दिलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट करायची. गरोदरपणात अनेकींना करावी लागते तीच ही, ग्लुकोजचं पाणी पिऊन करायची चाचणी. रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त द्यायचं. मग वजनाच्या हिशेबानं, जास्तीत जास्त ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. दोन तासांनंतरची साखर २०० किंवा त्याहून अधिक, अथवा उपाशीपोटीची १२६ किंवा त्याहून अधिक आली तर डायबिटीस धरतात. लक्षणं नसतील तर दुसऱ्या चाचणीनं खात्री करतात.

ही चाचणी तब्येत ठीक असताना करायची असते. छातीच्या संसर्गामुळे हॉस्पिटलात दाखल असलेल्या रुग्णाची साखर मात्र पहिले दोन दिवस उपाशीपोटी आणि जेवणानंतर, अशी दोन्ही वेळा बघावी, असंही या सूचना सांगतात.

मग जेवायचं काय?

एकेकाळी या आजाराच्या मुलांना कमी तेला-तुपाचं जेवण देत असत. चरबी पचत नाही, मग ती देऊ नका, असा सरळ हिशेब होता. कॅनडातल्या टोरोंटोच्या डॉक्टरांनी याच्या उलट केलं. भरपूर चरबी असलेलं जेवण द्यायचं आणि ते पचवायला एन्झाइम वाढवायचे.

१९८८ साली टोरोंटो आणि बोस्टन इथल्या दवाखान्यांची तुलना प्रसिद्ध झाली. रुग्णांच्या जगण्याचं मध्यवर्ती वय बोस्टनमध्ये २१ वर्षं होतं, तर टोरोंटोमध्ये ३० वर्षं. टोरोंटोची मुलं उंचीनं आणि वजनानंही पुढे होती. दोन्हीकडच्या उपचारांत ठळक फरक होता तो आहाराचा. तेव्हापासून जगभर या आजारात पोटभर, उष्मांकांनी भरलेलं जेवण हा उपचाराचाच भाग झाला. अनेकांना इतरांपेक्षा २० ते ५० टक्के अधिक उष्मांक लागतात.

डायबिटीस निघाला म्हणून हा नियम मोडायचा नसतो. करायचं असतं ते एवढं:

• जेवण कमी करायचं नाही. ताटात पोळी, भात, बटाटा किती आहे ते मोजायला शिकायचं आणि त्या हिशेबानं इन्सुलिन घ्यायचं.

• तूप, लोणी, चीज, शेंगदाणे, अंडी, मांस-मासे चालू ठेवायचे. मीठही तोडायचं नाही, कारण घामातून ते जास्त जातं. उन्हाळ्यात तर विशेष काळजी घ्यायची.

• कोल्ड्रिंक, सरबतं, पॅकेटमधले गोड रस शक्यतो टाळायचे. त्यातली साखर झपाट्यानं चढते आणि पोषण काहीच मिळत नाही. गोड खायचंच तर जेवणाबरोबर आणि त्याचं इन्सुलिन घेऊन.

• जेवणाच्या वेळा चुकवायच्या नाहीत. कडक उपवास हा या आजारात धोक्याचा प्रकार आहे.

गोळी का नाही? इन्सुलिनच का?

कारण मूळ अडचण इन्सुलिनच्या कमतरतेची आहे. साखर उतरवणं एवढंच ध्येय असतं तर गोळ्यांनीही काही अंशी भागलं असतं. पण इथे वजन आणि स्नायूही टिकवायचे असतात.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका वर्षभराच्या चाचणीत सीएफआरडीच्या प्रौढ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला जेवणाआधी इन्सुलिन, दुसऱ्याला रेपाग्लिनाइड ही गोळी आणि तिसऱ्याला औषध नसलेली गोळी. सौम्य डायबिटीस असलेल्या, म्हणजे उपाशीपोटीची साखर वाढलेली नसलेल्या ज्या रुग्णांना इन्सुलिन मिळालं, त्यांचं आधी घसरत असलेलं वजन पुन्हा वाढू लागलं. गोळीनं सुरुवातीला फायदा दिसला, पण तो टिकला नाही. युरोपातल्या २०१८ च्या एका अभ्यासात मात्र साखरेच्या नियंत्रणापुरता गोळी आणि इन्सुलिन यांच्यात दोन वर्षांत मोठा फरक दिसला नाही. त्यामुळे काही डॉक्टर सुरुवातीला गोळीचाही विचार करतात. तरीही पहिली पसंती इन्सुलिनलाच आहे.

‘एकदा इन्सुलिन लागलं की माणूस संपला’ ही आपल्याकडची जुनी भीती. इथे ती नेमकी उलटी आहे. अनेक रुग्णांना इन्सुलिन सुरू झाल्यावर कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा जेवण अंगी लागल्यासारखं वाटतं.

साखर एकदम खाली गेली तर?

हाही धोका आहेच. साखर खाली गेली की ती वर आणायचं काम ग्लुकागॉन नावाचं हार्मोन करतं. तेही स्वादुपिंडातच तयार होतं आणि या आजारात तेही कमी पडू शकतं. जेवण झाल्यावर उशिरा आलेल्या इन्सुलिनमुळे, बाहेरून इन्सुलिन न घेताही काहींची साखर घसरते.

थरथर, घाम, धडधड, एकाएकी कडकडून भूक, डोकं न चालणं ही लक्षणं. साखर ७० च्या खाली असेल तर लगेच ग्लुकोज पावडर किंवा साखरेचं पाणी घ्यायचं, साधारण १५ ग्रॅम साखर पोटात जाईल इतकं. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि मग काहीतरी खायचं. अशा वेळी चॉकलेट देऊ नका. त्यातल्या चरबीमुळे साखर चढायला वेळ लागतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आणि डोळे, किडनी?

डायबिटीसमुळे डोळे, किडनी आणि नसांना होणारा त्रास इथेही होतो. पूर्वी तो फारसा दिसत नसे, कारण रुग्ण तेवढी वर्षं जगतच नसत. आता निदानानंतर पाच वर्षांनी दरवर्षी डोळ्यांची आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी सुरू करा, असं सांगितलं जातं. हृदयाच्या तक्रारी आतापर्यंत क्वचितच दिसल्या आहेत. पण रुग्णांचं वय आणि वजन वाढत असल्यामुळे डॉक्टर आता तिकडेही लक्ष ठेवू लागले आहेत.

रोजचं ओझं किती?

हे सगळं वाचताना सोपं वाटतं. पण डायबिटीस यायच्या आधीच या माणसाचा दिवस भरलेला असतो. सकाळ-संध्याकाळ वाफेची औषधं, छाती मोकळी करण्याचे व्यायाम, प्रत्येक घासाबरोबर एन्झाइम, अँटिबायोटिक, जीवनसत्त्वं. त्यात आता दिवसातून तीन-चारदा बोटाला सुई टोचायची आणि इन्सुलिन घ्यायचं.

मूळ यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड भागातल्या घराण्यातले अमेरिकन सर्जन आणि लेखक अतुल गावंडे यांनी २००४ साली ‘द न्यूयॉर्कर’ मध्ये याच आजारावर एक गाजलेला लेख लिहिला होता. एकाच आजाराचे, तेच उपचार घेणारे रुग्ण काही केंद्रांत जास्त का जगतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी ते मिनेसोटाच्या डॉ. वॉरन वॉर्विक यांच्याकडे गेले. वॉर्विक रुग्णांना एक हिशेब समजावून सांगत. उपचार घेतले नाहीत तर आज आजारी न पडण्याची शक्यता ९९.५ टक्के, घेतले तर ९९.९५ टक्के. आजच्या दिवसापुरता हा फरक जाणवतही नाही. पण ३६५ दिवसांचा गुणाकार केला तर वर्षभर ठणठणीत राहण्याची शक्यता एकीकडे १६ टक्के उरते आणि दुसरीकडे ८३ टक्के होते.

तो हिशेब फुप्फुसांचा होता. साखरेचंही गणित काही निराळं नाही. एक दिवस इन्सुलिन चुकलं तर काही बिघडल्यासारखं वाटत नाही, आणि म्हणूनच ते चुकत राहतं. अंगाला चिकटवायचा सेन्सर आता हे काम थोडं हलकं करतो. दर काही मिनिटांनी साखर मोबाइलवर दिसते, आणि जेवणानंतर लपून चढणारी साखरही पकडली जाते.

नव्या औषधांनी डायबिटीस जाईल का?

बिघडलेलं दारच दुरुस्त करणारी औषधं आता आली आहेत. पहिलं औषध, आयव्हाकॅफ्टर, २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ऑक्टोबर २०१९ मध्ये तीन औषधं एकत्र असलेलं ट्रायकाफ्टा आलं आणि हजारो रुग्णांचं आयुष्य पालटलं. श्वास सुधारला, वजन वाढलं.

साखरेच्या बाबतीत चित्र मिश्र आहे. काहींचं इन्सुलिन कमी झालं, काहींची साखर वारंवार खाली जाऊ लागली म्हणून डोस बदलावा लागला. पण नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत. त्यामुळे बहुतेकांचं इन्सुलिन सुरूच राहतं. स्वतःच्या मनानं ते बंद करणं धोक्याचं आहे.

याचा आणखी एक परिणाम झाला. ही औषधं घेणाऱ्या काहींचं वजन आता गरजेपेक्षा जास्त वाढतंय. त्यांच्यासाठी ‘दाबून खा’ हा जुना नियम बदलावा लागतो. म्हणजे आहाराचा सल्लाही आता प्रत्येकाचं वजन पाहूनच द्यावा लागतो.

भारतात काय स्थिती आहे?

हा गोऱ्या लोकांचा आजार, असं बरीच वर्षं मानलं गेलं. पण तो भारतातही आहे, फक्त अनेकदा ओळखला जात नाही. सारखा खोकला आणि न वाढणारं वजन यावरून टीबी, दमा किंवा कुपोषण समजून वर्षानुवर्षं उपचार होतात. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये प्रत्येक नवजात बाळाची या आजारासाठी तपासणी होते. त्यामुळे तिथे जन्मलेल्या मराठी कुटुंबांतल्या बाळांचीही आपोआप होते. भारतात देशभर अशी तपासणी होत नाही.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाच्या यादीत सिस्टिक फायब्रोसिसचं नाव आहे. पण ट्रायकाफ्टाची अमेरिकेतली किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर, म्हणजे अडीच कोटी रुपयांच्या आसपास आहे. आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या ती आवाक्याबाहेर आहे.

साखरेचं मात्र तसं नाही. ग्लुकोज पिऊन करायची चाचणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते. इन्सुलिन, ग्लुकोमीटर मेडिकलमध्ये मिळतात. जनुक दुरुस्त करणारं औषध परवडत नसलं, तरी वेळेत डायबिटीस ओळखून वजन आणि फुप्फुसं राखणं हे इथेही शक्य आहे. त्यासाठी डॉक्टरला आणि घरच्यांना हा वेगळा डायबिटीस आहे हे माहीत असायला हवं.

थोडक्यात लक्षात ठेवा

• सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्यांना डायबिटीस होतो. तो खाण्यापिण्याच्या सवयींमुळे होत नाही.

• खात असूनही वजन घटतंय, किंवा श्वासाची क्षमता कारण नसताना घसरतेय? तहान लागली नसली तरी साखर तपासा.

• एचबीएवनसी किंवा उपाशीपोटीची साखर नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत राहू नका. वर्षातून एकदा ग्लुकोज पिऊन चाचणी करा.

• वजन कमी असताना जेवण तोडू नका. जेवणाला इन्सुलिनची जोड द्या.

• गरोदरपण, स्टेरॉइड, मोठा संसर्ग आणि नवीन औषध सुरू होणं, या चार वेळी साखरेकडे जास्त लक्ष द्या.

आणि तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, लग्नाच्या पंगतीत त्यानं जिलेबी घेतली आणि शेजारी बसून इन्सुलिन टोचलं, तर ‘अरे, तुला चालतं का हे?’ असं विचारू नका. त्यानं हिशेब केलेला असतो. हवं तर वाटीत अजून थोडं तूप वाढा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध, इन्सुलिनचा डोस आणि आहार यांत कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा.)